दौंडला न गेलेल्या माणसाची पावती

हौशीराम आप्पांच्या मोबाईलवर मेसेज आला तेव्हा ते ग्रामपंचायतीत दोन सख्ख्या भावांचा बांधाचा तंटा मिटवत बसले होते. मांडवगण फराट्याच्या तंटामुक्ती समितीचे ते अध्यक्ष. चष्मा घरी राहिलेला, म्हणून त्यांनी मोबाईल शेजारच्या मच्छिंद्रकडे दिला. मच्छिंद्रला हळू वाचायची सवय नव्हती.

“आप्पा, तुमच्या स्कुटीला पाचशे रुपये दंड बसलाय. मंगळवारी सकाळी अकराला नो पार्किंगमध्ये लावली व्हती.”

“कुठं?”

“दौंडला.”

भांडणारे दोघे भाऊ बांध विसरून एका बाजूला झाले आणि आप्पांकडे बघू लागले.

कारण आप्पा दौंडला जात नाहीत हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी दौंडला त्यांच्या मेहुण्याची, पोपटरावांची, वास्तुशांत झाली. आलेल्या पाहुण्यांना फेटे बांधले, आणि आप्पांपाशी येईतो फेटे संपले. घाईघाईत त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली गेली. घरच्या दाजीला टोपी आणि गावच्या व्याह्याला फेटा! आप्पा जेवणाच्या ताटावरून उठले आणि शपथ घेऊन आले की, पोपटराव फेटा घेऊन मांडवगणला येईपर्यंत दौंडच्या हद्दीत पाय ठेवणार नाही. पोपटरावही त्याच मातीचे. त्यांनी फेटा आणून ठेवला, पण निरोप धाडला की मान घ्यायला घरी यावं लागतं, मान काही पार्सलनं येत नाही. तेव्हापासून एकाचा फेटा कपाटात आणि दुसऱ्याचा राग नाकावर, असं चाललं होतं.

“फोटो बी हाय,” मच्छिंद्र म्हणाला. फोटोत आप्पांचीच स्कुटी होती, सीटवर जांभळं कव्हर आणि पुढच्या बाजूला ‘माऊली’ लिहिलेलं. मागे पाटी दिसत होती, ‘पोपटराव कृषी सेवा केंद्र’.

“म्हंजी रुसवा गावात आन् जेवण दौंडात,” कुणीतरी मागून म्हणालं. बांधवाले भाऊ पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून हसले.

घरी येऊन आप्पांनी सगळं बायकोला, धुरपदाबाईंना, सांगितलं. मंगळवारी ते स्वतः मच्छिंद्रच्या जीपमधून कवठे येमाईला साखरपुड्याला गेले होते. स्कुटी गोठ्यापाशी उभी होती, चावी तिलाच लावलेली. गावात चावी काढून नेणाऱ्याला लोक संशयी म्हणतात.

“कुणीतरी आपला नंबर टाकून गाडी फिरवतंय. डुप्लिकेट.”

“जांभळं कव्हर बी डुप्लिकेट?” धुरपदाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. “जाऊ द्या की. पाचशे भरा आन् मोकळं व्हा.”

“भरलं म्हंजी कबूल केलं. उद्या माझ्यापुढं कुणी तंटा आणंल का?”

“मंग तक्रार करा. पर त्यासाठी दौंडला जावं लागंल. ते तुमच्यानं व्हायचं न्हाई.”

हे शेवटचं वाक्य आप्पांना लागलं. आपण दौंडला जात नाही हे सिद्ध करायला दौंडला जाणं म्हणजे शपथ मोडणं नव्हे, असा निकाल त्यांनी रात्रभर विचार करून स्वतःच्याच बाजूने दिला. सकाळी ते मच्छिंद्रच्या जीपमध्ये बसले.

वाहतूक पोलिसांच्या खोलीत एक हवालदार बाई होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मच्छिंद्रने साक्ष दिली, साखरपुड्यातले फोटो दाखवले, जिलबी खाणारे आप्पासुद्धा दाखवले.

“काका, तुम्ही कवठ्याला होता हे मला पटलं. पण दंड गाडीला आहे. गाडी कुठं होती?”

“गाडी घरी व्हती. आमची गाडी त्या दारात अकरा वर्षं गेली न्हाई.”

“मग ज्यांच्या दारात उभी होती, त्यांच्याकडून तसं लिहून आणा.”

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. पण माघारी फिरून गावाला तोंड कसं दाखवणार? अर्ध्या तासाने ते पोपटरावांच्या दुकानासमोर उभे होते. बरोबर उंबऱ्याच्या बाहेर, एक वीत राखून. दुकानामागच्या घरातून मटणाचा वास येत होता.

पोपटराव बाहेर आले. केस पार पिकले होते. आप्पांना उगीचच वाईट वाटलं की, हा पिकताना आपण बघितला नाही.

“कागद पायजे,” आप्पा म्हणाले. “अकरा वर्षांत मी तुमच्याकडं आलो न्हाई, असा.”

“देतो की, दाजी. पर आज तुम्ही समोर हाय. खोटं कसं लिहू?”

“मी दारात हाय. घरात न्हाई.”

“दार माझंच हाय.”

मच्छिंद्रने मध्यस्थी केली. “कालपर्यंत आले न्हाईत, असं लिहा.”

ते दोघांनाही पटलं. पोपटरावांनी बिलबुकाच्या मागच्या पानावर तसं लिहिलं, सही केली, दुकानाचा शिक्का मारला आणि कागद आप्पांच्या हातात दिला.

“कालपर्यंतचं झालं कागदावर. आज मोकळं हाय. या आत.”

आप्पांनी कागद दोनदा वाचला. त्यात आजच्या दिवसाला काहीच आडकाठी नव्हती. तंटामुक्तीच्या अध्यक्षाला कागद मानावाच लागतो. ते आत गेले. पोपटरावांनी कपाटातून गुलाबी फेटा काढला आणि स्वतः बांधला. आप्पांनी मान खाली घातली ती फेटा नीट बसावा म्हणून, असं मच्छिंद्र नंतर सांगत असे. खरं तर त्यांचे डोळे भरले होते.

दोन वाट्या रस्सा जास्तीचा झाला. मग फेट्यासकट आप्पा पुन्हा हवालदार बाईंपुढे हजर झाले आणि कागद ठेवला. बाईंनी तो वाचला, फेट्याकडे बघितलं आणि कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला.

“काका, दुसरा फोटो बघितला नाही का तुम्ही?”

दुसऱ्या फोटोत स्कुटीवर धुरपदाबाई बसल्या होत्या. पदर खोचलेला, पाय खाली टेकलेले आणि तोंडभर हसू.

“नो पार्किंगमधून लोक पळून जातात,” बाई म्हणाल्या. “या मावशी मला बोलवायला चौकापर्यंत आल्या. म्हणाल्या, गाडी चुकीची लावलीय, पावती फाडा. वर म्हणाल्या, नंबर नीट दिसू द्या आणि पाटी पण येऊ द्या. नवरा तक्रार घेऊन आला, तर आधी त्याच दारात पाठवा.”

आप्पांनी तिथूनच घरी फोन लावला. “तुला स्कुटी कवापासून येती?”

“करिश्मानं शिकवली, दिवाळीच्या सुट्टीत,” धुरपदाबाई म्हणाल्या. लेक आईला रानात शिकवत होती आणि बापाला वाटत होतं की दोघी पेरू आणायला जातात. “ते ऱ्हाऊ द्या. फेटा बांधला का?”

“बांधला.”

“मंग भरा पाचशे. अकरा वर्षं हात जोडले, तवा हालला न्हाईत. माझा भाऊ म्हातारा झाला वाट बघून.”

तिकडून फोन बंद झाला. आप्पांनी पाचशे रुपये काढून टेबलावर ठेवले आणि पोपटरावांचा कागद घडी घालून खिशात टाकला.

जीपमध्ये बसताना मच्छिंद्रने हळूच विचारलं, “आप्पा, ह्यो फेटा. गावात काय सांगायचं?”

आप्पांनी आरशात बघून फेट्याचा शेमला खांद्यावर नीट घेतला.

“सांग, जायचं नव्हतंच. पर सरकारची नोटीस आली.”