पित्ताच्या जागा भरल्या

ऐन तुरीच्या राशी चालू असताना मुडबीच्या धोंडप्पाच्या पोटात आग पडू लागली. भाकरीचा तुकडा घशाखाली उतरला की छातीपर्यंत वणवा चढे. खळ्यावर उभे राहणेही जमेना, तेव्हा त्याच्या बायकोने, सिद्धव्वाने, त्याला गाडीत घालून सरकारी युनानी दवाखान्यात आणले.

हकीमसाहेबांनी नाडी धरली, जीभ पाहिली. माणसाच्या देहात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस असतात आणि त्यांचा तोल म्हणजेच आरोग्य, असे ग्रीस देशाच्या वैद्यांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. "सफरा," हकीमसाहेब म्हणाले. म्हणजे पिवळे पित्त.

तथापि निजामी जाऊन नवे सरकार आले होते, आणि तोलाचे हे तत्त्व वरिष्ठांना इतके पटले होते की त्यांनी ते रोग्यांनाच लागू केले. चारही रसांचे रोगी समसमान असावेत, आणि औषधेही त्याच हिशेबाने यावीत, असा हुकूम होता. तिखट खाणाऱ्या त्या मुलखात पित्ताच्या जागा महिना उजाडताच भरत.

"पित्तात जागा न्हाई, अप्पा," कारकून शिवशंकरप्पा सौजन्याने म्हणाला. "कफात बसवतो."

"मला खोकला न्हाई. कफ कामून लिहायलाव?"

"मग रक्तात बसता का? तिथं जळवा लावत्यात."

धोंडप्पा कफात बसला. त्याला सुंठ-मिरीचा काढा मिळाला, आणि त्याने तो घेतल्यावर वणवा टाळूपर्यंत पोचला. तक्रार घेऊन तो परतला, तेव्हा कारकुनाने समजावले, की कफ जळताना आग होणारच. हे गुण येण्याचे लक्षण आहे.

"मग लंकेला बी गुणच आला म्हणा की," सिद्धव्वा म्हणाली.

बाहेर ओट्यावर अंकुशराव नावाचा दुसरा रोगी खोकत बसला होता. महिन्याच्या आरंभी येणाऱ्यांना कारकून ओळीने आधी पित्तात बसवी, म्हणून तो खोकत आला तरी पित्तात गेला होता, आणि पित्तावरचे गुलाबाचे थंड सरबत पिऊन त्याची छाती कफाने भरली होती. सिद्धव्वाने दोघांच्या हातांतल्या बाटल्या काढून घेतल्या आणि अदलाबदल करून परत दिल्या. आठवड्यात दोघेही हिंडूफिरू लागले. मग सगळेच रोगी ओट्यावर बाटल्या बदलू लागले.

लवकरच वरिष्ठ अधिकारी तपासणीला आले. कफाचा धोंडप्पा बरा, पित्ताचा अंकुशराव बरा! त्यांनी धोंडप्पाला जातीने विचारले, दवाखान्याच्या औषधाने गुण आला का. खरे सांगावे, तर ओट्यावर शिपाई बसणार आणि सरबत बंद होणार. धोंडप्पाने पोटावरून हात फिरवला.

"व्हय, साहेब. कफ पार गेला."

योजना सर्व जिल्ह्यांना लागू झाली.

धोंडप्पाला कुणी भित्रा म्हणेल. म्हणणाऱ्याने आधी एवढेच सांगावे, की स्वतःची बाटली आपण कोणत्या ओट्यावर बदलली, आणि साहेबांनी विचारले तेव्हा काय सांगितले.