नान मी मोडला

आरंभीच स्पष्ट करते : माझी नात नफोसत हिचा विवाह मी, केवळ मीच, या दोन हातांनी ठरवला, आणि त्या दिवशी बैठकीत मी बसले होते ती तो होऊ नये म्हणून.

ट्रकचालक ओर्तिकची मावशी तुर्सुनॉय आमच्या ब्रुकलिनच्या घरी तिसऱ्यांदा मागणी घालायला आली होती. नफोसतला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमात नुकताच प्रवेश मिळाला होता. त्यासाठीच तर मी समरकंद सोडून या देशात आले, जिथे दुकानातली पोरसुद्धा माझे उच्चार सुधारते आणि माझे ऐकणारे माणूस एकच उरले आहे : नफोसत. (उरले होते, असे लिहायला हवे.) माझा मुलगा, म्हणजे नफोसतचा बाप, भिडस्त, म्हणून नकार देण्याचे काम माझ्याकडे होते.

“बाई, आमचा मुलगा आठवड्याला तीन हजार मैल गाडी चालवतो!”

“म्हणजे घरी किती वेळ असतो?” (हा प्रश्न मला आजही उत्कृष्ट वाटतो.)

नकाराचे वाक्य माझ्या ओठांवर होते, तोच नफोसतने नान माझ्यासमोर आणून ठेवला आणि कानाशी कुजबुजली, “आजी, विजेच्या भट्टीत मधोमध कच्चा राहिला वाटतं. पण चालेल, नाही का? पाहुण्यांना काय कळतंय!”

चालेल! एकतीस वर्षे हा शब्द मी वर्गात कोणाला उच्चारू दिला नव्हता. मी नान उचलला आणि सर्वांदेखत मधोमध मोडला.

मग तुर्सुनॉय रडत माझ्या गळ्यात पडली. मुलीकडच्या वडीलधाऱ्या माणसाने पाहुण्यांसमोर नान मोडला, की आमच्यात होकार झाला.

“अहो, मी तपासत होते!”

“तपासूनच दिलीत ना मुलगी, बाई!”

“आई,” माझा मुलगा हताशपणे म्हणाला, “मोडलेला नान काय आता चिकटवायचा?”

पाच मिनिटांत समरकंदहून बहिणीचा अभिनंदनाचा फोन आला.

अखेर ठरले ते असे : विवाह वसंतात, नफोसतने शिक्षण पूर्ण करायचे. तुर्सुनॉयने मान्य केले, माझ्या मुलाने मान्य केले, ओर्तिकने ओहायोच्या रस्त्यावरून फोनवर मान्य केले. नफोसतने मान खाली घालून, फार लवकर, मान्य केले. माझी संमती कोणी विचारली नाही. ती ताटात दोन तुकड्यांत पडलेली होती.

त्यांतला एक मी तोंडात घातला. नान आतपर्यंत उत्तम भाजला होता.