पलीकडच्यांनी उपसा कमी करावा

जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही तिची न्याय्य वाटणी करणे, ही मनुष्याच्या धर्मबुद्धीची खरी कसोटी होय. शेत वाटता येते, घर वाटता येते, प्रसंगी म्हातारे आईवडीलही सहा-सहा महिने वाटून घेता येतात. परंतु भूमीच्या उदरातील पाणी आपण कोणाचे हे स्वतः सांगत नाही आणि ज्याची मोटर मोठी त्याच्याकडे निमूटपणे जाते. अशा प्रसंगी सज्जनाने कसे वागावे याविषयी पूर्वसूरींनी फारसे काही सांगून ठेवलेले नाही. (त्यांच्या काळी वीज नव्हती, त्यामुळे सज्जन राहणे त्यांना तुलनेने सोपे गेले.)

ही उणीव दोन शेजारी कोरड्या राज्यांनी भरून काढली. ही राज्ये एकमेकांचे नाव घेत नसत. प्रत्येक राज्य स्वतःला अलीकडचे म्हणे आणि दुसऱ्याला पलीकडचे. पिढ्यान्‌पिढ्या ती एकमेकांना पाण्यात पाहत आली होती. पुढे पाणीच आटत चालल्यामुळे तीही सोय उरली नाही, तेव्हा त्यांनी संयुक्त भूजल वाटप मंडळ स्थापन केले.

दोन राज्यांची सीमा एका रहदारीच्या रस्त्याच्या मधोमध जात असे. रस्ता जिथे संपतो तिथे मंडळाची इमारत अशा कौशल्याने उभारली होती, की सीमा सभागृहातील लांब टेबलाखालून बरोबर मधून जावी. प्रत्येक प्रतिनिधी आपापल्या राज्यात बसूनच चर्चा करी. टेबलावर पाण्याचे दोन जग असत; एक अलीकडच्या बोअरचा, एक पलीकडच्या. दोन्ही बोअर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होत्या. प्रत्येक पक्ष आपल्या जगातील पाणी पिऊन तृप्तीचा सुस्कारा सोडी आणि समोरचे पाणी खारट असल्याचे सभ्य शब्दांत सुचवी.

मंडळाचे प्रारंभिक कार्य शास्त्रशुद्ध होते. अलीकडच्या राज्याने मोजणी करून सिद्ध केले, की एकूण भूजलापैकी सत्तर टक्के आपले आहे. पलीकडच्या राज्यानेही स्वतंत्र मोजणी केली आणि त्यांचेही सत्तर टक्केच निघाले. एखादे सामान्य मंडळ या ठिकाणी गोंधळून गेले असते. या मंडळाने बेरीज केली, शंभरावरचे चाळीस टक्के 'अतिरिक्त उपलब्धता' म्हणून नोंदवले आणि त्यांच्या न्याय्य वाटपासाठी उपसमिती नेमली. (उपसमितीने त्या चाळिसांचेही सत्तर-सत्तर टक्के वाटप केले.)

या मंडळाच्या भाषाधिकाऱ्यास सर्व जण पंडित म्हणत. शब्दांवर त्याची निष्ठा अशी, की 'अपव्यय' आणि 'अतिव्यय' यांतील भेद विचारला असता तो जेवण थंड होऊ देई. तो रस्त्याच्या अलीकडे राहत असे. पलीकडे, म्हणजे हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या परराज्यात, त्याची थोरली बहीण दिलेली होती. तिची लाँड्री होती. रुग्णालयाच्या आणि दोन-तीन लॉजच्या चादरी तिच्याकडे धुवायला येत. भाऊजी इस्त्री करीत आणि ताई उरलेले सर्व करीत असे. पाणी घरामागच्या विहिरीचे.

एका सकाळी मंडळात निघालेल्या पंडिताला तिने रस्त्याच्या मध्यावर गाठले.

"पंडित, विहिरीच्या खालच्या पायऱ्या दिसायला लागल्यात. लग्न होऊन आले तेव्हापासून कधी पाहिल्या नव्हत्या मी."

"मंडळाचं लक्ष आहे ताई."

"लक्षाने चादरी निघतात का रे? असं काहीतरी लिही की दोन्हीकडच्या मोटरी निम्म्या बंद होतील. नाहीतर सरळ कुलूप लावते, आणि तुझे भाऊजी दिवसभर घरात. मग बघ माझी अवस्था."

पंडित मनापासून हळहळला. ताईने लहानपणी त्याला अक्षरे गिरवायला शिकवले होते. आपल्या लेखणीने तिची विहीर वाचवायची, असा संकल्प करूनच तो सभागृहात शिरला.

त्या दिवशी मंडळाच्या भूवैज्ञानिक बाईंचा अहवाल वाचनास होता. बाई कमी बोलत आणि त्याहून कमी लिहीत. सीमेलगतच्या एका माळाविषयी त्यांनी एवढेच लिहिले होते: 'येथे पाणी मुरते. येथे बोअर घेऊ नयेत.' माळ पलीकडच्या राज्याचा होता. त्यांचे प्रतिनिधी ताडकन उभे राहिले.

"आमच्या हद्दीत पाणी मुरतं म्हणता? कुणाकडे काय काय मुरतं ते आम्हालाही बोलता येतं."

"अहो, पावसाचं पाणी मुरतं. जमिनीत," बाई म्हणाल्या.

"शब्द मागे घ्या."

पंडिताने तत्परतेने दुरुस्ती सुचवली: 'येथे पाण्याचे अधोगमन होते.' यावर आमच्या प्रदेशाला अधोगतीला गेलेला म्हटले, असा दुसरा आक्षेप आला. अखेर सलोख्याच्या हितार्थ वाक्य असे ठरले: 'येथे पाणी मुरत नाही.' आता जेथे पाणी मुरतच नाही तेथे बोअरला मनाई करण्याचे प्रयोजन राहत नाही, हे ओघानेच आले, आणि तो माळ बोअरसाठी खुला झाला.

"मग खडकाला मी काय कळवू?" बाईंनी विचारले. (हा प्रश्न कामकाजातून वगळण्यात आला.)

नंतर मुख्य विषय निघाला. भूजल वाचवायचे तर उपसा, म्हणजे जमिनीतून पाणी ओढणे, निम्म्यावर आणायला हवा, याविषयी मतभेद नव्हता. अलीकडचे प्रतिनिधी टेबलावर हात ठेवून म्हणाले, "आमची मागणी साधी आहे. पलीकडच्यांनी उपसा निम्मा करावा." पलीकडचे प्रतिनिधी म्हणाले, "आमचंही तेच. पलीकडच्यांनी उपसा निम्मा करावा."

पंडिताची लेखणी थबकली. मंडळाच्या इतिहासात दोन्ही पक्ष प्रथमच एकच वाक्य बोलले होते; एका अक्षराचा, एका अनुस्वाराचाही फरक नव्हता. श्लेष हा अलंकार त्याला तरुणपणापासून प्रिय होता, परंतु एवढा विशाल श्लेष, ज्याच्या दोन अर्थांत दोन संपूर्ण राज्ये मावतात, त्याने कोणत्याही काव्यात पाहिला नव्हता. या वाक्याने ताईच्या विहिरीचे काय होईल, असा प्रश्न त्याच्या मनात क्षणभर डोकावला. पण कान तृप्त झाले असता मनाचे कोण ऐकतो? त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले: 'पलीकडच्या राज्याने उपसा निम्मा करावा.' ठराव एकमताने संमत झाला. वर्षानुवर्षे एकमेकांचा पाणउतारा करणारे प्रतिनिधी उठून एकमेकांच्या गळ्यात पडले. (टेबल रुंद असल्यामुळे यात थोडा वेळ गेला.)

अंमलबजावणी तातडीने झाली. पलीकडच्यांनी उपसा निम्मा करण्याचे मान्य केल्यामुळे पाणी आता वाढणार, हे दोन्ही सरकारांनी जनतेस आनंदाने कळवले आणि वाढणाऱ्या पाण्याचा आगाऊ विनियोग म्हणून नव्या बोअरना परवाने दिले. पाहणीसाठी दोन्हीकडून पथके निघाली. ती रस्त्याच्या आपापल्या कडेला उभी राहिली, समोर पाहिले, समोर कपातीचे चिन्ह नाही असे त्यांना आढळले, आणि तीव्र खेद नोंदवून ती परत गेली. दरम्यान एकमत घडवून आणल्याबद्दल मंडळाने पंडिताचा गौरव केला, आणि गौरवाचे स्वरूप म्हणून त्याच्या परसात प्राधान्याने बोअर मंजूर केली.

बोअरचे यंत्र चालू झाले तेव्हा उडालेली पांढरी धूळ रस्ता ओलांडून ताईच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसली. तिने त्या पुन्हा धुवायला घेतल्या. त्या धुऊन झाल्या, पण पिळायच्या आत विहिरीचा तळ दिसला. तळाशी एक बुडालेली कळशी होती आणि भाऊजींची एक चप्पल, जिच्यापायी पूर्वी एका गिऱ्हाइकावर आळ घेतला गेला होता.

संध्याकाळी ताई ओल्या हातांनी पंडिताच्या दारात उभी राहिली.

"तुझी मोटर सुरू झाली की माझ्या विहिरीत घरघर होते. थोडा वेळ बंद ठेव. रुग्णालयाच्या चादरी अडकल्यात."

"ताई, ठराव स्पष्ट आहे. कपात पलीकडच्यांनी करायची. म्हणजे तुम्ही."

"आमच्याकडे वाचून दाखवला तेव्हा पलीकडचे म्हणजे तुम्ही होतात."

"तेही बरोबर आहे."

"दोन्ही बरोबर?"

"तेच तर त्याचं सौंदर्य आहे."

ताईने पदराला हात पुसले. आतून पंडिताची बायको म्हणाली, "अहो, निदान एक नळी तरी टाकून द्या त्यांच्याकडे." पंडिताने खेदपूर्वक सांगितले, की रस्ता ओलांडणारी नळी हे आंतरराज्य जलहस्तांतरण ठरते.

"एक सांग मला," ताई म्हणाली. "लहानपणी आपण एका अंथरुणावर झोपायचो. तेव्हा तुझ्या पलीकडे कोण असायचं?"

"भिंत," पंडित थोडे आठवून म्हणाला.

"माझ्या पलीकडे आई असायची. ती दोघांवर मिळून एकच पांघरूण घालायची. आणि ते रोज तू ओढून घ्यायचास."

ती गेली. पंडिताला जेवण गेले नाही. स्वतःची मोटर बंद करावी, असा विचारही त्याच्या मनात येऊन गेला. परंतु आपण एकट्याने बंद करून काय होणार? शेजारचा सायकल दुरुस्तीवाला तर चालूच ठेवणार. मग आपले पाणी ताईला न मिळता त्याला मिळणार, आणि हा ताईवरच अन्याय होईल. या युक्तिवादात त्याला दोष सापडला नाही, म्हणून मोटर चालू राहिली.

तरीही पुढच्या बैठकीत त्याने जन्मात केले नव्हते ते केले. त्याने एक सरळ वाक्य वाचून दाखवले: 'दोन्ही राज्यांनी उपसा निम्मा करावा.'

दोन्हीकडच्या प्रतिनिधींनी हातातले जग खाली ठेवले.

"दोन्ही म्हणजे कोण?" अलीकडच्यांनी विचारले.

"आमचाही प्रश्न तोच आहे," पलीकडचे म्हणाले.

विचारविनिमय होऊन मंडळाने असे मत नोंदवले, की 'दोन्ही' हा शब्द मूलतः दुहीचा सूचक असून त्याने मोठ्या कष्टाने साधलेल्या एकमतास बाधा येते. अध्यक्ष पंडिताला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यासारख्या विद्वानानं इतकं सरळ लिहावं? लोकांना अर्थ कळेल की."

लाँड्रीला कुलूप लागले. न धुतलेल्या चादरी रुग्णालयाला गठ्ठ्याने परत गेल्या. ताई आणि भाऊजी दूरच्या एका शहरात मुलीकडे राहायला गेले. तिथे नळ फिरवला की पाणी येते. ते कोठून येते, हे ताईने अद्याप विचारलेले नाही. पंडिताची बोअर काही काळ उत्तम चालली. हल्ली तिच्यातून बहुतांशी हवा येते, आणि ती पलीकडच्यांमुळे येते, याविषयी त्याला शंका नाही.

या सर्व प्रकरणात दोष कोणाचा, हे सुज्ञ वाचकाच्या ध्यानात केव्हाच आले असेल. वाचता वाचता त्याच्या डोळ्यांपुढे एखादा ओळखीचा चेहराही उभा राहिला असेल: वरच्या मजल्यावरचा, शेजारच्या गल्लीतला किंवा बांधाला बांध लागलेला. तो चेहरा वाचकाचा स्वतःचा खचितच नसेल. जो आठवला, तोच तो पलीकडचा. त्याच्यावर रागावू नये. त्याला सद्बुद्धी लाभो, त्याचा हात मोटरच्या बटणापाशी वेळेवर पोहोचो, त्याच्या मुलाबाळांच्या ओंजळी भरलेल्या राहोत. अलीकडच्यांसाठी निराळे काही मागण्याचे कारण नाही. आपण चांगले आहोतच.