न हललेला फोटो

सकाळचा उजेड त्या कालव्यावर एकदम येत नसे. आधी तो माडांच्या शेंड्यांना लागे आणि खाली उतरावे की नाही अशा विचारात तिथेच बराच वेळ रेंगाळे. मग खोडांवरून घसरत, पत्र्याच्या छपरांवर थोडा टेकत, शेवटी पलीकडच्या घरांच्या पायऱ्यांपाशी पाण्यात पाय सोडी. तेवढ्यात भिक्षेला निघालेल्या भिक्खूंची होडी जाई आणि तिच्या लाटांवर त्याचे तुकडे होत. ते तुकडे पुन्हा जुळून येईपर्यंत अनोन आपल्या व्हरांड्यात बसून राही. या वेळी त्याच्याशी कोणी बोलत नसे. इतर वेळीही फारसे कोणी बोलत नसे, पण सकाळी ते खटकत नसे.

उजेड समोरच्या घरावर आला की तो कॅमेरा उचले, शटर मुद्दाम सावकाश ठेवी आणि ते उघडे असतानाच कॅमेरा अलगद वरून खाली ओढी. फोटोत मग माड उरत नसत, घर उरत नसे. उरत ते रंगांचे उभे ओघळ. हिरवा, राखी आणि मध्येच एक पिवळा.

त्या घरात रिन राहायची. पायऱ्यांवर बसून कॉफीची गाळणी धुताना ती पाण्यावरूनच विचारायची, "आज काय बिघडवलंस? दाखव." त्याचे फोटो मागून पाहणारी ती एकटीच. पावसाळ्याआधी ती आईबरोबर बँकॉकला गेली होती. थोड्या दिवसांसाठी, असे अनोनने मनाशी ठरवून टाकले होते. ती आल्यावर दाखवायला म्हणून तो रोजचा फोटो छापून ठेवी.

त्या दिवशी हवा दमट होती आणि छापलेला फोटो वाळेना. वारा आणि सावली दोन्ही असलेली जागा अंगणात एकच होती. खांबावर उभारलेले जागेच्या देवतेचे ते छोटे घर. अनोनने त्याच्या वळचणीला चिमटा लावून फोटो टांगला. लॉटरीची सोडत तोंडावर आलेली असताना, जिथे माणसे केळीच्या खोडात आणि मेणबत्तीच्या ओघळांतही आकडे शोधतात तिथे, न कळणारी वस्तू देवतेच्या दारात टांगू नये, हे त्या गल्लीत जन्मलेल्या माणसाला तरी कळायला हवे होते.

घरमालकीण सामलीमावशी देवतेला माळ घालायला आली आणि थबकली.

"अनोन, हे काय रे?"

"फोटो आहे, मावशी."

"ते दिसतंय मला. कशाचा?"

"कशाचाच नाही. उजेडाचा."

मावशीने चष्मा पुसून पुन्हा लावला. "मग उजेडात हा पिवळा सात कुठून आला?"

दुपारपर्यंत फोटोपुढे नैवेद्याच्या लाल सरबताच्या बाटल्या लागल्या, प्रत्येकीत नळी खोचून. आकडा उठून दिसावा म्हणून कोणीतरी फोटोला पावडरही चोळली. लॉटरीची तिकिटे विकणारे प्रसोंगकाका आपली लाकडी पेटी गळ्यात घालून तिथेच ठाण मांडून बसले.

"सात नाही, एक आहे," ते म्हणाले. "वाकलेला एक."

"वाकलेला एक म्हणजे सातच की."

"तुझी नजर वाकलीय, सामली."

अनोन हळूच म्हणाला, "काका, तसं काही नाही त्यात. मी कॅमेरा हलवतो म्हणून तसं येतं."

काकांनी त्याच्याकडे मायेने पाहिले. "तू हलवतोस असं तुला वाटतं, बाळा."

आधी तो अवघडला. पण कोणी भाजलेली केळी आणली, कोणी त्याच्या जुन्या फोटोंची चौकशी केली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या घरातले सगळे पेले एकदम वापरात आले. त्याने सगळे फोटो बाहेर आणले. माणसे ते हातात धरून, उलटेसुलटे करून, श्वास रोखून पाहत होती. इतक्या निष्ठेने रिननेही कधी पाहिले नव्हते. त्याने खुलासा करणे सोडून दिले. एकदा तर "हा जरा बरा आलाय" असेही तो बोलून गेला.

"प्रत्येकात पिवळं आहेच," मावशी म्हणाली. "देवता रोज सांगतेय आणि हा मेला फोटो पेटीत कोंबतोय."

पण सात की एक, हे काही मिटेना. आवाज चढले. शेवटी मावशीनेच तोड काढली. "उद्या सकाळी एक फोटो न हलवता काढ. म्हणजे वाद नको."

"तसा मी काढत नाही, मावशी."

"का रे?"

"त्यात काही लपत नाही."

"आम्हाला तरी कुठे लपवायचंय?"

दुसऱ्या दिवशी सगळा व्हरांडा उजेडाची वाट पाहत बसला. उजेडाने नेहमीप्रमाणे घाई केली नाही. तो समोर पोचल्यावर अनोनने कॅमेरा उचलला आणि सवयीने त्याचा हात खाली जाऊ लागला. तेव्हा काकांनी खालून त्याचे कोपर धरले आणि मावशीने खांदा. तसाच खटका पडला.

सगळी डोकी कॅमेऱ्यावर वाकली. माड. बंद दार, त्याला कुलूप. शेवाळलेल्या पायऱ्या. आणि दारावर पिवळी पाटी: घर विकणे आहे. खाली फोन नंबर.



"मोठं कर," काका म्हणाले. "शेवटचे दोन आकडे बघू, बक्षीस त्यांनाच लागतं."

"चार, नऊ."

"मी रोज या पाटीसमोरून होडी नेतो," मागून कोणी पुटपुटले.

"पाटीवरचा आकडा कोण बघतो? हा देवतेकडून आलाय," मावशी म्हणाली आणि तिने सर्वांत आधी काकांच्या तिकिटांच्या पेटीत हात घातला.

शेवटी चार-नऊ असलेली तिकिटे बघता बघता संपली आणि माणसेही पांगली. मावशी मात्र रिकाम्या बाटल्या गोळा करत मागे राहिली.

"बघ, नीट धरलास तर किती स्वच्छ येतं," ती म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिचा आवाज खाली आला. "तुला पाटी माहीत नव्हती होय रे?"

अनोन पेले विसळत राहिला. रिनचा मामा ती पाटी लावायला आला, तेव्हा हातोडी यानेच दिली होती.

रिन परत येणार नव्हती.