काका, फ्रीज केल्या ना?

ताणून बघण्याच्या कामात माझा हात धरणारा माणूस आमच्या प्रयोगशाळेत नाही! बावीस वर्षं मी ओढयंत्रावर आहे. वस्तूची दोन्ही टोकं जबड्यांत पकडायची, बटण दाबायचं आणि ती तुटेपर्यंत बघत बसायचं. दोरखंड, तारा, रबरी पट्टे, सगळ्यांनी माझ्यापुढे जीव सोडलाय. त्यामुळे एक पीएचडी करणाऱ्या ताई बरण्या घेऊन आमच्याकडे आल्या, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, काय तोडायचंय ते फक्त सांगा.

त्यांनी बरणीतून बोटाएवढी जाड, फिकट नळी काढली. म्हणाल्या, "काका, ही रोहिणी."

मी नमस्कारच करणार होतो! मग कळलं की रोहिणी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी नळी. ही डुकराची होती, खाटकाकडून आणलेली.

तिचा तुकडा जबड्यांत धरला आणि यंत्र सुरू केलं. खरं सांगतो, थक्क झालो. आधी ती बिनतक्रार लांबत गेली, मळलेल्या कणकेसारखी. आता तुटणार असं वाटलं, तेवढ्यात तिने पाय रोवले. जितकं ओढावं तितकी घट्ट! ताई म्हणाल्या, आतले लवचीक धागे आधी ताणतात, जास्त झालं की राकट धागे भार घेतात, म्हणून ठोक्याठोक्याला फुगूनही ती फुटत नाही. दिवसाला लाखभर ठोके, आणि सुट्टी एकही नाही. माझा हात आपोआप स्वतःच्या मनगटावर गेला. तोवर नाडी म्हटलं की मला पायजमाच आठवायचा.

ताईंचा प्रश्न साधा होता. रोहिणी मिळाल्या मिळाल्या तपासता येतेच असं नाही. मग साठवून ठेवली, तर तिची ताकद तीच राहते का? म्हणून काही ताज्याच ताणायच्या, काही मिठाच्या पाण्यात चार दिवस नुसत्या गार ठेवायच्या आणि काही डीप फ्रीझरमध्ये दगडासारख्या गोठवून तीन आठवड्यांनी काढायच्या. तीन वर्षांची मेहनत होती ती. त्यांची पदवी या नळ्यांवर टांगलेली होती.

शेवटच्या आठ रोहिण्या यायच्या होत्या आणि ताईंना बहिणीच्या बाळंतपणाला जावं लागलं. तिथून फोन आला, "काका, आल्या की लगेच फ्रीज करा, विसरू नका."

विसरतोय कसला! फ्रीज म्हणजे दूध ठेवतो ते कपाट, हे काय मला सांगायला हवं? गोठवण्यालाही इंग्रजीत तसंच काहीसं म्हणतात आणि आपण दोन्ही शब्द एकाच तोंडाने एकसारखे बोलतो, हे मला कोणी कधी शिकवलं होतं? आठही बरण्या मी फ्रीजमध्ये ओळीने लावल्या, रोज दार उघडून बघितल्या, आणि घरी बायकोला सांगितलं की विज्ञान सध्या माझ्या भरवशावर चाललंय. ती म्हणाली, देव विज्ञानाचं भलं करो.

तीन आठवड्यांनी ताई परतल्या. काका, फ्रीज केल्या ना? मी म्हणालो, आल्या त्याच दिवशी! दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बरण्या काढून टेबलावर मांडल्या. ताईंनी सहज विचारलं, बर्फ वितळायला किती वेळ लागला?

बर्फ! तेव्हा कुठे कळलं, त्या गोठवायच्या होत्या. बावीस वर्षांची अब्रू डोळ्यांपुढे उभी राहिली आणि तोंडातून निघालं, "फारसा नाही."

तिथून गाडी घसरली. आधीच्या गोठवलेल्या रोहिण्यांच्या ताणाच्या रेषा यंत्राच्या पडद्यावर एकीवर एक बसत होत्या, सख्ख्या बहिणी जशा. या आठ मात्र भलत्याच निघाल्या. मऊ, लुळ्या, लवकर फाटणाऱ्या. मला वाटलं, ताई फेकून देतील आणि मी सुटेन. कसलं काय! ताई हरखल्या. जास्त वयाच्या जनावरांच्या असतील, गोठवणं त्यांना सोसत नसेल, हे आजवर कोणी पाहिलंच नसेल! विभागप्रमुखांनी चष्मा पुसून पुसून रेषा पाहिल्या आणि शुक्रवारच्या तोंडी परीक्षेत हाच मुद्दा पुढे ठेवा म्हणाले. गोठवूनही ताकद टिकते, हा तीन वर्षांचा निष्कर्ष खोडून ताईंनी नवा लिहायला घेतला. चार दिवस मी त्यांना चहा नेऊन देत होतो. पोरगी खोट्यावर पदवी मागायला निघाली होती, आणि ते खोटं माझं होतं.

गुरुवारी दुपारी मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. फ्रीज, दुधाचं कपाट, फारसा नाही, सगळं. मला रडू आलं, लाज कसली लपवायची.

ताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, चार दिवस. उद्या परीक्षा आहे माझी."

मी मान वर केली नाही. त्या पडद्याकडे वळल्या, आणि त्यांचा आवाजच बदलला. "पण बघा तरी. तुम्ही खोटं बोललात, मी विश्वास ठेवला, सरांनी ठेवला. या रोहिणीने नाही ठेवला."

आम्ही दोघं त्या आठ रेषांकडे बघत राहिलो. अंगावर काटा आला माझ्या. जनावर मरून महिना होत आलेला, नळीचा वीतभर तुकडा, ना जीभ ना डोळे. पण तीन आठवडे तिला कुठे ठेवलं होतं, हे तिने तंतोतंत सांगितलं होतं! माणसाला चार दिवस लागले.

शुक्रवारी ताईंनी परीक्षकांसमोर आठही नमुने उघडपणे बाद केले. परीक्षकांनी नवे आठ तपासून या म्हणून तीन महिने वाढवले. खाटकाकडे मी स्वतः गेलो, डीप फ्रीझरमध्ये मी स्वतः ठेवल्या, आणि बोटं बधिर होईपर्यंत हात घालून दगड झाल्यात का ते पाहिलं. रेषा बहिणींना जाऊन मिळाल्या. ताईंना पदवी मिळाली.

प्रबंधाची एक प्रत त्यांनी मला दिली. पहिल्याच पानावर माझ्यासाठी अख्खं वाक्य! मी ती घरी नेऊन बायकोपुढे उघडली आणि छाती काढून उभा राहिलो. तिने मोठ्याने वाचलं, "यंत्रावरील काकांचे विशेष आभार. साठवणूक चुकली तर काय होते, हे त्यांच्याशिवाय सिद्ध झाले नसते."

तिने पुन्हा एकदा वाचलं आणि विचारलं, "अहो, हे आभार आहेत की तक्रार?"

मी म्हणालो, छापलंय ना? मग आभारच.