दहापट जोराचं कपाट

थोरल्याची एक खोड माईंना मुळीच खपत नसे. चार बुकं शिकला म्हणून सगळा हिशेब तोंडी करायचा, आणि वर शीळ घालायची.

स्वयंपाकघरातलं नवं कपाट त्यानंच बनवलं होतं. दारं आ वासून राहतात म्हणून माईंनी कुरकुर केली, तेव्हा आतली चुंबकंही त्यानंच बदलली. आता दार बंद झालं ते झालंच. कपबशा सगळ्या आत, आणि सूनबाईची आई वाटेवर! मागच्या खेपेला याच विहीणबाई म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे कप मागून घ्यावा लागतो हो!" ते वाक्य माईंच्या काळजात अजून कुसळासारखं रुतलेलं.

"काय करून ठेवलंस रे?"

"बाराशे गॉस जोराचं चुंबक हवं होतं, माई. दुकानात मोजतात टेस्लात. मी एका टेस्लाचे हजार गॉस धरले आणि एक पूर्णांक दोन मागवलं. एका टेस्लाचे निघाले दहा हजार!"

"म्हणजे चुंबक दहापट जोराचं! आणि मोजायची वस्तू एकच?"

"एकच. गॉस जुनं माप, टेस्ला नवं."

"जुन्यानं काय घोडं मारलं होतं? चिमूटभर मीठ सांगितलं तर ओंजळ ओतणारा तू! सरक."

माईंनी पदर खोचला, पाय भिंतीला टेकवला आणि दार ओढलं. बोटभर फट पडली. तेवढ्यात कमरेचा लोखंडी किल्ल्यांचा जुडगा टुणकन आत उडाला, चुंबकाला चिकटला, आणि दार धाडकन मिटलं. जुडगा बांधलेल्या नाडीची गाठसुद्धा आतच राहिली. माई कपाटाला बांधल्या गेल्या, आणि नेमकी तेव्हाच विहीणबाईंची हाक आली.

"या, या!" माई कपाटाला रेलून उभ्या राहिल्या, जशा काही जन्मापासून तिथंच उभ्या होत्या.

"बसा ना तुम्हीही."

"छे! मी उभी असले की घर बसल्या जागी चालतं."

सूनबाईनं मान खाली घालून चहा पेल्यांत आणला. विहीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "कपबशा नाहीत वाटतं?"

"त्या परक्यांसाठी. तुम्ही घरच्या."

विहीणबाईंना एवढ्यानं थोडंच समाधान! त्या उठल्या आणि त्यांनी शेजारचं दार धरलं. एका हातानं, मग दोन्ही हातांनी ओढलं. चेहरा लाल झाला, दार हललं नाही.

"उघडत कसं नाही हे?"

"माझ्या परवानगीशिवाय नाही उघडत," माई शांतपणे म्हणाल्या.

थोरल्याला ठसका लागला. विहीणबाई मात्र खुर्चीत बसल्या त्या हरखूनच. "अगंबाई! आमच्याकडे तिघी सुना. बदामाचा डबा भरला की दुपारी रिकामा. जावईबापू, मला अस्संच कपाट हवं. यात तसूभर फरक नको!"

त्या गेल्यावर थोरला दार उचकटायला पटाशी घेऊन माईंच्या कमरेशी वाकला. "माई, त्यांच्याकडे मी नीट हिशेब करून बरोबर बाराशेचंच लावतो हं."

माईंनी त्याचा कान धरला. हात तेवढे मोकळे होते.

"खबरदार! जन्मात एकदा कामाचं चुकलास. तिथं अक्कल वापरलीस तर याद राख!"