उजवीकडं ओढणारी पाहिजे

जुनी वस्तू विकत घेणं ही माणसाच्या विवेकाची सर्वांत कठोर परीक्षा आहे, असं माझं ठाम मत आहे. नव्या वस्तूची हमी कागदावर छापून मिळते. जुन्या वस्तूची हमी समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर वाचावी लागते, आणि चेहरे वाचणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. धाराशिवात माझ्या माहितीत एकच आहे. माझ्या शेजारी राहतात, माणिकअण्णा. ते रविवारी-रविवारी ही परीक्षा देतात, आणि ज्यासाठी देतात ती वस्तू वीतभर लांबीची असते. अण्णा रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या जुन्या गाड्या बघत फिरतात.

अण्णा सत्तरीचे. गाव येरमाळ्याजवळ, शेती आता वाट्यानं दिलेली. मुलगा पुण्यात आणि अण्णा मुलानं इथं बांधलेल्या घरात. काकू गेल्या त्याला काही वर्षं झाली. उभं आयुष्य अण्णांनी बैल राखले आणि उरलेल्या वेळात इतरांना बैल निवडून दिले. पंचक्रोशीतली माणसं बाजाराला जाताना त्यांना मुद्दाम सोबत नेत. पुढं ट्रॅक्टर आले, बैल गेले, बाजार ओसरला. पारख तेवढी मागं राहिली. पेन्शन घरबसल्या मिळते, पण पारखेला रोज काहीतरी खायला घालावं लागतं.

त्यांच्या अंगणात सिमेंटचा एक बाक आहे. बाकाच्या पाठीवर एका माजी नगरसेवकाचं नाव आणि खाली ‘यांच्या सौजन्याने’ असं कोरलेलं आहे. सार्वजनिक जागेसाठी केलेलं हे सौजन्य अण्णांच्या अंगणात कसं आलं, हे मी इतिहासाचा प्राध्यापक असूनही शोधलेलं नाही. त्या बाकाच्या एका टोकाला अण्णा बसतात. अगदी टोकाला. उरलेला बाक रिकामा असतो आणि येणाऱ्याला प्लास्टिकची खुर्ची मिळते. एकदा एक विमा एजंट सरळ बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. अण्णांनी त्याला उठवलं. म्हणाले, तिथं ऊन लागतं. तेव्हा दिवस मावळलेला होता.

पहिली गाडी त्यांनी घेतलेली नव्हती. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू बदली होऊन गेले, तेव्हा माळ्यावर एक लाल गाडी आणि तिचा रिमोट राहिला. अण्णांनी सेल घालून ती अंगणात सोडली. गाडी सुटली की डावीकडं ओढायची. कितीही सरळ धरली तरी शेवटी तुळशीपाशी. दुसरा कोणी असता तर गाडी टाकून दिली असती. अण्णांनी मला कुंपणावरून बोलावून घेतलं.

“खोड न्हाय ही. जोडीत चाललेलं जनावर असं करतंय,” ते म्हणाले. “ह्यो उजव्या हाताचा बैल हाय. जोडीदाराच्या अंगाला अंग लावायला बघतोय, अन् जोडीदारच न्हाय.”

मग त्यांनी हिशेब सांगितला. लाल गाडी उजव्या बाजूला धरायची. डाव्या बाजूला अशी गाडी पाहिजे जी उजवीकडं ओढते. दोघी एकमेकींना रेटतील आणि सरळ जातील. शिवाय ती याच रिमोटवर चालणारी पाहिजे, कारण जोडीला कासरा धरणारा एकच असतो. मी हसलो. पुढच्या रविवारी ते टोपी घालून माझ्या दारात उभे होते. माझ्या फोनमध्ये जुन्या वस्तूंच्या जाहिराती दिसतात आणि माझ्याकडं मोटारसायकल आहे, एवढी माहिती त्यांनी काढलेली होती.

तेव्हापासून मी जिल्हा नव्यानं पाहिला. जुनी रिमोटची गाडी घेताना माणूस किती प्रकारे फसतो, हे ज्यांना कळून घ्यायचं असेल त्यांनी अण्णांच्या मागं बसावं. खरं तर अण्णाच माझ्या मागं बसतात, पण दिशा तेच देतात.

जाहिरातीतला फोटो एकाच बाजूनं काढलेला असला की अण्णा म्हणायचे, दुसऱ्या अंगाला मार आहे. असायचाच. चाकं काळी कुळकुळीत चमकत असली की म्हणायचे, शिंगं घासून बाजारात आणलंय. गाडी हातात आली की पहिल्यांदा उलटी करून सेलचा कप्पा उघडायचे आणि आतल्या पत्र्यांवर हिरवट गंज आहे का बघायचे. याला ते दात बघणं म्हणत. कळंबला एका मोबाइल दुकानदारानं “दोनदाच चालवलीय” म्हणून गाडी पुढं केली, तेव्हा अण्णांनी आतली बॅटरी काढून त्याच्या काउंटरवर ठेवली. ती उशीसारखी फुगलेली होती. “पोट फुगलंय याचं,” अण्णा कळवळून म्हणाले, “अन् तुमी त्याला बाजार दाखवताय?”

याच दुकानदाराकडं दुसरी एक गाडी जरा बरी होती. भाव बोलायची वेळ आली तशी अण्णांनी खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या हातावर टाकला आणि रुमालाखालून दुकानदाराचा हात धरला. बैलबाजारात असाच भाव होतो. रुमालाखाली बोटं दाबायची, बघणाऱ्याला आकडा कळत नाही. दुकानदाराला बैलबाजार माहीत नव्हता. त्यानं हात सोडवून घेतला आणि आपल्या भावाला बोलवायला पोराला आत पाठवलं. आम्ही चहा न घेता निघालो.

अण्णांचा प्रत्येक विकणाऱ्याला एकच प्रश्न असे. “गुण राहू द्या. ऐब सांगा आधी.” वाक्य साधं आहे, पण त्यानं भलीभली माणसं घसरतात. कुणी म्हणे ऐब काहीच नाही. कुणी म्हणे असता तर घरात ठेवली असती का. ज्या गाडीचं स्टिअरिंग दोऱ्यानं बांधलेलं होतं तिचा मालकही ऐब नाही म्हणाला. आणि खरंच धड, नाकासमोर चालणारी गाडी मिळाली की अण्णा ती आदरानं परत करायचे. “चांगली हाय. पण आमच्या कामाची न्हाय. आमाला उजवीकडं ओढणारी पायजे.” यावर विकणारे माझ्याकडं बघत. मी रस्त्याकडं बघे.

सगळ्यात जास्त वेळा व्हायचं ते म्हणजे गाडी असायची आणि रिमोट नसायचा. मी चिडायचो. जाहिरातीत लिहायला काय झालं होतं? अण्णा उलट खूश व्हायचे. बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं द्यायचं नसतं. विकणारा ते सोडून घेतो, गोठ्यातल्या खुंट्याला अडकवतो. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. त्यामुळं रिमोट हरवला असं सांगणारा प्रत्येक बेफिकीर माणूस अण्णांच्या लेखी रीतभात पाळणारा ठरायचा. “हरवलाय म्हणून सांगतो बिचारा,” ते परतताना म्हणायचे. “तोंडावर न्हाय कसं म्हणंल?”

ही श्रद्धा एकतर्फी नव्हती. मधे एक जीप गळ्यात पडली होती, ती त्यांनी तुळजापूरच्या एका लॉजवाल्याला विकली आणि रिमोट ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी लॉजवाला जीप पिशवीत घालून एसटीनं आला.

“अण्णा, रिमोट राहिला.”

“राहिला न्हाय. ठेवलाय.”

“मग मी चालवू कशानं?”

“तुमचं दावं आणा की.”

लॉजवाला शहाणा होता. त्यानं वाद घातला नाही, तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिला. संध्याकाळपर्यंत बसला. शेवटी अण्णांनी रिमोट दिला, पण त्याची एरियल उपटून कोनाड्यात ठेवली. लॉजवाल्यानं तिथं छत्रीची काडी लावली. जीप चालते असं ऐकतो.

अणदूरची जाहिरात आली तेव्हा मी कंटाळलेलो होतो. फोटोत हिरवी गाडी होती, लाल गाडीच्याच घडणीची, आणि खाली “रिमोटसहित” असं स्पष्ट लिहिलेलं होतं. नळदुर्गच्या पुढं ऊन लागायला लागलं. अण्णांच्या पिशवीत लाल गाडीचा रिमोट होता. सगळीकडं तो सोबत असायचा, समोरची गाडी त्याला ओळखते का ते बघायला.

घर खंडोबाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पन्नाशीच्या एक बाई शेंगा निवडत बसल्या होत्या. गाडी लेकीची, त्या म्हणाल्या. लेक यंदा नांदायला सोलापूरला गेली, तिनंच फोनवरून जाहिरात टाकली, आई, कपाट मोकळं कर म्हणाली. त्यांनी गाडी आणून ओट्यावर ठेवली. शेजारी रिमोट ठेवला. त्यावर लहान मुलीच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या, निम्म्या गळालेल्या.

अण्णांनी दात बघितले नाहीत. उकिडवे बसले आणि विचारलं, “ऐब सांगा, बाई.”

“उजवीकडं ओढती,” बाई म्हणाल्या. “सरळ जातच न्हाय. लई जणांनी बघितली, कुणी घेईना. आता खरं तेच सांगावं म्हटलं.”

अण्णांनी पिशवी पुढं ओढली. पिशवीतून आपला रिमोट काढताना त्यांची बोटं हँडलमध्ये अडकली. बटण दाबलं. हिरवी गाडी ओट्यावरून निघाली, उजवीकडं वळत वळत शेंगांच्या ढिगात घुसली आणि तिथं चाकं फिरवत राहिली.

भाव झाला. रुमाल काढावा लागला नाही, बाईंनी सांगितला तोच. मी गाडी पिशवीत घातली आणि रिमोटकडं हात नेला, तर बाईंनी तो आधीच उचललेला होता. पदरानं पुसत होत्या.

“एवढं राहू द्या माझ्यापाशी,” त्या म्हणाल्या. “दावं देत न्हाईत.”

जाहिरातीत रिमोटसहित लिहिलंय, असं मी म्हणणारच होतो. अण्णांनी माझा दंड धरला. “बरोबर हाय,” ते म्हणाले. “ठेवा. आमी आमचं आणलंय.” बाईंनी मूठभर शेंगा पिशवीत टाकल्या, गाडीवरच.

तुळजापुरात चहाला थांबलो. स्टँडसमोर यात्रेकरूंची गर्दी होती. अण्णांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. चहा बशीत ओतला आणि तो निवू देत, मी विचारलं नसताना त्यांनी सांगितलं, की त्यांची शेवटची बैलजोडी होती, राजा आणि सर्जा. राजा म्हातारपणानं गेला. सर्जाला जोड बघायला अण्णा बाजार-बाजार फिरले. एकही त्याच्याजवळ टिकला नाही. एकट्याला घेतंय कोण, म्हणून ठेवून घेतला.

“लई दिवस जगला,” अण्णा म्हणाले. “हंबरायचा न्हाय. काय न्हाय. अख्खा गोठा मोकळा, पर आपल्या जागंवरच हुबा ऱ्हायचा. कडंला. राजाची जागा मोकळी सोडून. म्या ढकलायचो, अरं पसर की जरा. न्हाय सरकला कधी.”

चहा पिऊन झाला. मी दुसरा घेऊ का विचारलं, ते नको म्हणाले. घरी जायची घाई दिसत होती.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात गेलो. दोन्ही गाड्या शेजारीशेजारी लावलेल्या होत्या, लाल उजवीकडं, हिरवी डावीकडं. अण्णा बाकाच्या टोकाला बसून होते. मी आल्यावर त्यांनी बटण दाबलं. दोन्ही एकदम निघाल्या. हातभर अंतर गेल्यावर लाल डावीकडं झुकली, हिरवी उजवीकडं, आणि बारीक ‘टक’ असा आवाज झाला. मग अंगाला अंग लावून त्या नाकासमोर गेल्या, तुळशीकडं न वळता, थेट कुंपणाच्या भिंतीपर्यंत. अण्णा भिंतीकडंच बघत होते.

मी सवयीनं प्लास्टिकची खुर्ची शोधली. ती जागेवर नव्हती.

“बसा की सर,” अण्णा म्हणाले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकावर हातानं धूळ झटकली. “हितं बसा.”

मी बसलो. तिथं ऊन अजिबात लागत नाही.

त्या दिवसापासून बऱ्याच संध्याकाळी आम्ही दोघं तिथं बसतो. भिंतीपर्यंत गेलेली जोडी हातानं उचलून वळवावी लागते, त्यासाठी आळीपाळीनं उठतो. लाल गाडीच्या रिमोटचं मागं जायचं बटण पहिल्यापासून चालत नाही.